जीपच्या टाकीचं पोट

मुरबाडला रेल्वे नाही. जवळच्या म्हसा गावची जत्रा लागली की काकाच्या जुन्या डिझेल जीपला उसंत नसायची. सकाळपासून खेपाच खेपा. नव्वदच्या दशकात, ज्या वर्षी मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन बाहेर पडलो, त्या वर्षी काकाने मला हौसेने बरोबर घेतलं. पुतण्या शिकलेला आहे, गाडीची काळजी नाही, असं तो प्रत्येक प्रवाशाला सांगत होता.

दुपारी भर बैलबाजाराशेजारी जीप आचके देत बंद पडली. काकाने इतका वेळ स्टार्टर मारला की बॅटरीही मलूल झाली. मी बाह्या सरसावल्या. फिल्टरचा स्क्रू सैल केला आणि इंजिनाजवळचा हातपंप दाबत राहिलो. डिझेल जोराने उसळायला हवं होतं, ते थेंबथेंब येत होतं. बुडबुडा एकही नाही, म्हणजे लाइनमध्ये हवा शिरलेली नव्हती. फिल्टर काढून साफ केला, पाइप फुंकून पाहिला. तरी तेच.

एव्हाना बैल बघायला आलेली माणसं जीप बघायला जमली होती. एकाने चाकाला लाथ मारली. दुसऱ्याने बॉनेटखाली डोकावून वय विचारलं. काकाने जीपचं सांगितलं, त्याने माझं विचारलं होतं. मी शेवटी जाहीर केलं की डिझेलला प्रेशरच नाही, फीड पंप गेलाय, नवा कल्याणहून आणावा लागेल. प्रवासी उतरून एसटीच्या दिशेला बघू लागले.

तेवढ्यात बैलांचा एक म्हातारा दलाल गर्दीतून पुढे आला. त्याने इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली वाकून, बैलाच्या कुशीवर ठेवावा तसा टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि काकाला म्हणाला, "पोट आत वढलंय याचं. वारा नाय मिळत त्याला."

मी समजावलं की टाकी श्वास घेत नसते. बोलता बोलताच मला आठवलं की घेते. झाकणाला त्यासाठीच बारीक भोक असतं. डिझेल जाईल तशी तिथून हवा आत यावी लागते.

झाकणाकडे पाहिलं. काकाने जत्रेची धूळ जाऊ नये म्हणून त्याच्यावर प्लास्टिकची पिशवी घालून सायकलच्या ट्यूबने आवळून बांधली होती. मी ती सोडून झाकण फिरवलं. आत मोठ्ठा सुस्कारा झाला आणि दबलेला पत्रा ठणकन बाहेर आला. जवळचे दोन बैल उधळले, त्यांच्यामागे मालक धावले.

पुन्हा हातपंप मारला. डिझेल उसळून माझ्या शर्टावर आलं. बॅटरी संपलेली, म्हणून दहा-बारा जणांनी धक्का दिला आणि जीप धूर ओकत सुरू झाली. पिशवीबद्दल मी काकाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "पन धूळ गेली का आत? नाय ना?"

म्हाताऱ्याला आग्रहाने पुढच्या सीटवर बसवलं, मी मागे लोंबकळलो. निघणार इतक्यात एकजण बंद पडलेली स्कूटर ढकलत आला आणि त्याने ती म्हाताऱ्यापुढे उभी केली. म्हाताऱ्याने खाली उतरून तिच्यावरून हात फिरवला, थोडा विचार केला.

"ही इकून टाक," तो म्हणाला, आणि परत येऊन बसला.