बुवांचा पालट

"पालट करा." रोगी उंबऱ्यावर असतानाच बुवा हे म्हणत आणि उजवा तळहात वर असायचा तो उलटा करून गुडघ्यावर ठेवत. आलेल्या माणसाला नेमकं काय होतंय, हे ते त्यानंतर विचारत.

गिरगावात मागच्या रस्त्याला त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि तिथं मी लेखनिक होतो. पुडीवर रोग्याचं नाव आणि ती कशाबरोबर घ्यायची ते लिहायचं, एवढंच काम. अक्षर माझं मोत्यासारखं. अकलेचं विचाराल, तर पुढं वाचा.

बुवांच्या लेखी जगात पालटानं बरं होणार नाही असं काही नव्हतं. हवेचा पालट, अन्नाचा पालट, कुशीचा पालट. एकदा लालबागेतून एक गिरणीकामगार खोकत खोकत आला. बुवा म्हणाले, "झोपायच्या जागेचा पालट कर. खिडकीकडे डोकं."

तो म्हणाला, "बुवा, खोलीत आम्ही बारा जण. खिडकी एक. कुणाकुणाचं डोकं लावू?"

बुवांनी क्षणभर विचार केला. "मग दाराकडे पाय तरी कर," म्हणाले आणि पुडी फुकट दिली.

प्रत्येक औषध ते आधी स्वतःच्या जिभेवर ठेवत. कडू काढ्यानं तोंड वाकडं करून म्हणत, "मला सोसलं, तुलाही सोसेल." अशा माणसावर विश्वास ठेवायचा नाही, तर कोणावर? तुम्हीही ठेवला असतात. निदान मी तशी समजूत करून घेतली आहे.

आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात पाळणा नव्हता. कुटुंबाला कावळा शिवायचा तो त्याच्या लहरीनं. कधी दोन महिन्यांनी, कधी पाच. आता चाळीत कुठली बाई महिन्याचे तीन दिवस बाजूला बसली आणि कुठली बसली नाही, याची बित्तंबातमी सगळ्यांना असते. ती नाही बसली की बायका डोळ्यांनीच मोजायला लागत. एकदा तीन महिने झाले, तेव्हा मला राहवलं नाही. मी दोन्ही मजल्यांवर पेढे वाटले. चौथ्या दिवशी ती कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली. शेजारच्या काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की खाल्लेला पेढा परत करता आला असता तर त्यांनी केला असता.

मग मी तिला बुवांकडे नेलं. आई बरोबर होतीच. बुवांनी नाडीवर तीन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि विचारलं, "मुली, अंग भरत चाललंय? खाणं बेताचं असूनही?"

"हो."

"हनुवटीवर लव येते?"

ती लाजून लाल झाली. सात वर्षांत मला ते ठाऊक नव्हतं. रोज सकाळी ती चिमट्यानं उपटत असे, हे मला बुवांच्या दुकानात कळलं.

बुवा म्हणाले, "घाबरू नकोस. विहीर आटलेली नाही, पाट तुंबलाय. पाट मोकळा करू."

आणि पथ्य सुरू झालं. भात बंद, दही बंद, साखर, म्हशीचं दूध, दुपारची झोप, सगळं बंद. जवाची भाकरी, कुळथाचं कढण, शेवग्याची भाजी, सकाळी तिळाचा काढा आणि त्याबरोबर बुवांची पुडी. वर रोज चौपाटीपर्यंत चालायचं. तिला सोबत म्हणून मीही जवाची भाकरी खायचं ठरवलं. तीन दिवस खाल्ली. चौथ्या दिवशी तिनंच माझ्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "अहो, पाट माझा तुंबलाय. तुम्ही कशाला कण्हता?"

कोकणातली मुलगी ती. भाताशिवाय तिला जेवल्यासारखं वाटत नसे. आम्हाला वाढताना भाताची वाफ तोंडावर आली की क्षणभर थांबायची. पण आठ-नऊ महिने तिनं एक शीत तोंडात घातलं नाही.

चौथ्या महिन्यात कावळा वेळेवर आला. पाचव्यातही. सहाव्यात तर अगदी तिथीला. मला इतका आनंद झाला, की मी शेजारी साखर वाटली. काकू कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे मेल्या, बायको बाजूला बसली म्हणून साखर? उलटं असतं रे ते!"

त्यांना पाटाचं काय समजावणार? बुवांना सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "वाट मोकळी झाली. आता धरा, वर्षभराच्या आत पाळणा हलेल," म्हणाले. मी दुकानातून घरी धावत गेलो आणि तिला सांगितलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिनं जुनं लुगडं फाडून त्याची मऊ चौकोनी दुपटी शिवायला घेतली.

आई गुडघ्याच्या तेलासाठी बुवांकडे जात असे. एके दिवशी तिकडून आली आणि पाय चोळता चोळता मला म्हणाली, "बुवा म्हणतात, आता पालट करावा."

"मग करू की."

"तुझी ना नाही ना? मागाहून म्हणशील."

"बुवांचा शब्द, आणि माझी ना?"

"तिला तू सांग हो. मला नाही सांगवणार."

"त्यात काय? आत्ता सांगतो!"

आणि मी, मोत्यासारख्या अक्षराचा लेखनिक, चुलीपाशी जाऊन म्हणालो, "अगं, बुवांनी पालट करायला सांगितलाय. मी हो म्हटलं."

ती म्हणाली, "अगंबाई! आता आणखी काय सोडायचं? पाणी?" आम्ही दोघंही हसलो. बाहेर आई पाय चोळायची थांबली होती. आमच्या हसण्याचा तिनं काय अर्थ लावला असेल, देव जाणे.

पुढच्या रविवारी सकाळी बुवा आमच्या घरी आले. डोक्याला पगडी, खांद्यावर जरीकाठी उपरणं. बरोबर अलिबागेकडचे दोन वयस्क गृहस्थ. मला वाटलं, त्यांना कोणी लेखनिक हवा असेल. त्यांनी गोत्र विचारलं, मी सांगितलं. गावी घर किती खणांचं, सांगितलं. अक्षर पाहायचं म्हणाले, तर दौत काढून दोन ओळी लिहून दाखवल्या. इतक्या आज्ञाधारकपणे कुठल्या बोकडानंही मान पुढं केली नसेल.

कुटुंब गूळपाणी घेऊन आली. थोरल्या गृहस्थानं विचारलं, "या कोण?"

बुवा खाली बघत म्हणाले, "या पहिल्या."

मला वाटलं, पथ्य पाळणाऱ्यांत पहिल्या. मी छाती पुढं काढून म्हणालो, "अगदी बरोबर! हिच्यासारखी दुसरी शोधून सापडायची नाही."

ते गृहस्थ मोठ्यानं हसले. "सापडलीय हो! म्हणून तर आलो. आमच्या धाकट्या भावाची पोर. आईबाप गेले बिचारीचे. या मामांनीच वाढवलीय," म्हणत त्यांनी बुवांच्या पाठीवर थाप मारली.

कुटुंबानं पेले खाली ठेवले. एकही हिंदकळला नाही. मग माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. बुवांना एक पोरकी भाची आहे आणि तिचं लग्न जमत नाही, हे मला दुकानात रोज ऐकून ठाऊक होतं. तरीही ते सगळं एका माळेत ओवायला मला पाहुण्यांचे पेले रिकामे होईपर्यंत वेळ लागला. मी पाहुण्यांना काय सांगितलं ते आठवत नाही. आरडाओरडा केला असावा, कारण काकू दारात आल्या होत्या. पाहुणे गेले. आई देवापुढं तोंड करून बसली.

आत आलो तर ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुम्ही हो म्हणाला होतात."

"अगं, मला वाटलं जेवणाचा पालट."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "माहीत आहे म्हणून अजून चुलीपुढं आहे. नाहीतर बंदरावर जाऊन माहेरची बोट धरली असती." हे बोलताना तिनं मान वर केली नाही. भाकरी थापत थापत इतकी पातळ झाली, की फाटली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी विचारलं, "औषध लागू पडलंय, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"मग आईला ते न सांगता दुसऱ्या बायकोचा पालट का सुचवलात?"

बुवा पुडी बांधत होते. ती नीट बांधून झाल्यावर म्हणाले, "मी सत्तरीला आलो. माझ्यामागं त्या पोरीचं कोण आहे? तू सरळ माणूस. आणि तुझी बायको सवतीला जाचणारी नव्हे. ते मी तिच्या नाडीवरूनच ओळखलं."

मी बोरू खाली ठेवला तो तिथं पुन्हा उचलला नाही. तिची नाडी बघताना डोळे मिटून हा माणूस काय शोधत होता, ते मला तेव्हा कळलं. लग्नाला मी साफ नकार दिला. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. भाचीचं पुढं पेणला एका बिजवराशी झालं.

पण खरा घाव वेगळाच होता. कुटुंबानं पुडी बंद केली. म्हणाली, "त्यांच्या हातचं आता घशाखाली उतरत नाही." मी दादरला दुसऱ्या वैद्याकडे नेलं. त्यानं सोन्याचं भस्म दिलं आणि साजूक तुपातला शिरा खायला सांगितला. बुवांचं पथ्य तिनं आणखी दोन महिने रेटलं. मग एका दुपारी मी घरी आलो, तर ती दहीभात खात होती. दारात मी उभा आहे हे दिसूनही तिनं घास थांबवला नाही. कावळा पुन्हा चार महिने, सहा महिने फिरकेना. चाळीतल्या बायकांनी मोजायचं सोडून दिलं. दुपटी तिनं एकदा काकूंच्या नातीला नेऊन दिली.

त्यानंतर वर्षभरानं बुवा एकदा आमचा जिना चढून आले. धाप लागली होती. हातात पुड्यांचं मोठं पुडकं. म्हणाले, "मुली, माझ्यावर राग धर, औषधावर धरू नकोस. अजून उशीर झालेला नाही."

ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली. "बुवा, एकच विचारते. औषध खरं होतं?"

"देवाशपथ खरं होतं."

"खोटं असतं, तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मग फक्त फसले असते."

पुडकं त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं. तिनं ते उचलून परत त्यांच्या हातात दिलं आणि त्यांना वाकून नमस्कार केला. अष्टपुत्रा हो, असा आशीर्वाद द्यायला त्यांची जीभ रेटली नाही. ते तसेच वळले आणि एकेक पायरी चाचपत उतरले. मी त्यांना हात द्यायला गेलो नाही.

दोन वर्षांनी बुवा गेले. दुकानाच्या जागी आता सोडावॉटरवाला बसतो. जुने रोगी अजून मला रस्त्यात गाठतात, कधी घरी येतात. हटकून विचारतात, "काय हो, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याजवळ होतात. वैद्य म्हणून बुवा कसे होते?"

मी खरं तेच सांगतो. "उत्तम."

आत भांडी घासण्याचा आवाज चाललेला असतो, तो तेवढ्यापुरता थांबतो. मग मी पाहुण्याला हळूच म्हणतो, "चला, आपण गॅलरीत बसू."