जिजानं झाडलेला डोंगर

आंबागडचा डोंगर पाहावा तर चैतात. पावसाळ्यातल्या हिरवाईवर भुलू नका. चैतात तो असा रखरखीत होतो की माथ्यावरच्या किल्ल्याचे दगड हाताला चटका देतात. त्याच डोंगराच्या उतारावर गावातल्या बायांची मोहाची झाडं. मध्यावरचं झाड आमच्या जिजाचं.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा निघाला, त्यानंतर दोनेक सालांची ही गोष्ट.

मोहफुलं पहाटे टपटप गळतात. वाळल्या पाल्यात ती वेचायला दिसत नाहीत, म्हणून सारं गाव झाडाखालचा पाला पेटवून द्यायचं. जिजा मात्र तुराट्यांच्या खराट्यानं पाला ओढत बसायची. एकदा आगीनं तिच्या झाडाचं बूड पोळलं अन् पुढं दोन वर्षं त्यानं फूल धरलं नाही, तेव्हापासूनची तिची ही जिद्द.

"काहून वं जिजा, जंगलाले अंगण समजली का?" शेजारची पार्वताबाई हसायची.

"हो ना बाई! उद्या सडाबी टाकीन."

एके दिवशी पार्वताबाईनं पायथ्याशी पाला पेटवला अन् विझला समजून घरी गेली. दुपारी वारा सुटला, राखेतला विस्तव जागा झाला अन् आग वर धावली. बाया घागरी घेऊन विहिरीकडे पळाल्या.

"घागरी ठेवा!" जिजा ओरडली. "एवढं पाणी वर कोण नेईल? खराटे आणा!"

आपल्या झाडलेल्या जागेपासून तिनं दोन्ही बाजूंनी पाला ओढायला घेतला, नुसती माती उघडी पडेस्तोवर. बाया तिच्यामागं लागल्या. तिचा नवरा फकिरा पळसाच्या ओल्या डहाळीनं ठिणग्या बडवत राहिला. धुरानं डोळे फुटायची पाळी. जिजाच्या मनात एकच, इथून वर गेली तर अख्खा माथा गेला. आग मातीपाशी आली, इकडेतिकडे जीभ फिरवली, अन् खायला काही नाही पाहून तिथंच बसली. वरची सारी झाडं वाचली!

संध्याकाळी वनरक्षक आला. खालचा डोंगर काळा, वरचा भुरका, मधात मातीचा पट्टा.

"हा पट्टा कोणी काढला?"

पार्वताबाईचं तोंड उतरलेलं, पण तीच पुढं झाली. "आमच्या जिजानं, साहेब. आग माही होती."

"तुह्या एकटीची कशी?" जिजा कपाळाची काजळी पुसत बोलली. "साराच गाव पेटवते."

पुढच्या चैतात डोंगरावर धूर शोधून सापडला नाही. पहाटे नुसती खराट्यांची खरखर, अन् सर्वांत मोठा आवाज पार्वताबाईचा, "नीट ओढा वं पोरीहो, जिजा पाहून राहिली!"