खालची प्रत कोरी पाहिजे

माझ्या बाबांना दाबून लिहायला सरकारनेच शिकवलं आणि दाबून लिहिल्याबद्दल नोटीसही सरकारनेच दिली. हे आधीच सांगून टाकते. एका काचेवरच्या ओरखड्यांचा इतका राग कशाला, असं पुढे कुणी विचारायला नको.

बाबा बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनीच्या रस्त्यावरच्या सरकारी तपासणी नाक्यावर होते. धानाची किंवा तांदळाची गाडी थांबली की तिची पावती फाडायची, हे त्यांचं काम. पावती तीन प्रतींत: पांढरी, गुलाबी, पिवळी, आणि मधे कार्बन. तळच्या पिवळ्या प्रतीवर आकडा नीट उमटला नाही तर वरून विचारणा यायची. त्यामुळे बाबा बॉलपेन असं रेटून चालवायचे की घरी किराण्याची चिठ्ठी लिहिली तरी खालच्या वर्तमानपत्रावर वळ उठायचे. मधल्या बोटाला कायमचा घट्टा पडला होता.

मी कॉलेजात असताना, दोन हजार सालानंतरच्या त्या दिवसांत, नाक्यावर नवीन यंत्र आलं. तळहातावर मावेल एवढं, वर पडदा, आणि कडेला खोचलेली प्लास्टिकची काडी. तिला स्टायलस म्हणायचं. गाडीचा नंबर, माल, वजन, सगळं त्या काडीने पडद्यावर टोचून भरायचं. बालाघाटच्या ऑफिसात एका दुपारी त्याचं प्रशिक्षण झालं. समोसे मिळाले. पडदा जपायचा कसा, हे कुणी सांगितलं नाही आणि त्याला साधं कव्हरही दिलं नाही.

थोड्याच दिवसांत पडदा ओरखड्यांनी भरला. आकड्यांचे चौकोन जिथे यायचे तिथे तर पांढरट धुकं झालं. सात टोचावं तर आठ उमटायचा. साहेब तपासणीला आले, त्यांनी यंत्र उन्हात तिरपं धरलं आणि म्हणाले, "ये क्या किया आपने? हल चलाया है क्या इस पर?" रांगेतले ट्रकवाले हसले. बाबाही हसले, असं त्यांनीच रात्री जेवताना सांगितलं. मग नोटीस आली: शासकीय साहित्याचा निष्काळजी वापर. यंत्र बदलून मिळालं, पण सोबत तंबी होती. पुन्हा ओरखडा दिसला तर सर्व्हिस बुकात शेरा. निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलं होतं, आणि बाबांच्या सर्व्हिस बुकात तोवर एकही वाईट शेरा नव्हता. या घरात दागिना म्हणावा असं तेवढंच होतं.

मी तेव्हा आमच्या पोरापोरींच्या मंडळाची पत्रकं लिहायची. तंबी मिळाली त्या रात्री जेवण झाल्या झाल्या लिहायला बसले. पहिल्याच ओळीत निषेध. बाबांनी उभ्या उभ्या वाचलं.

"हे वाटशीन कुठं?"

"ऑफिससमोर."

"अन् शेरा कोनाच्या नावानं लागन? तुह्या?"

"बाबा, चूक त्याहीची हाय."

"हौ, त्याहीचीच हाय. पन पुस्तक माहं हाय."

मी कागद फाडला. फाडला याचा राग अजून आहे, आणि तो बाबांवर नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाक्यावर गेले. बाबांच्या हाताला दोष देणाऱ्यांनी तिथे नुसतं उभं राहून बघावं. आजूबाजूला राइस मिल. धानाच्या तुसाची धूळ टेबलावर, पाण्याच्या माठावर, माणसांच्या भुवयांवर. पडद्यावरून बोट फिरवलं तर कचकच लागली. त्या तुसाच्या राखेने आमच्याकडच्या बायका काळी भांडी चकचकीत करतात. तसली धूळ काडीच्या टोकाखाली आली, वरून कार्बनला सरावलेला हात पडला, तर पडदा टिकेल कसा? हे साहेबांना ठाऊक नव्हतं. ते गाडीतून उतरायचे तोंडाला रुमाल लावून.

मग आम्ही आमचं सुरू केलं. आधी फुंकर मारायची, कारण कोरडं पुसलं की धूळच घासली जाते. नंतर आईच्या जुन्या लुगड्याचा किंचित ओला तुकडा. काडीचं टोकही पुसायचं आणि नखावर फिरवून बघायचं, खरखरलं तर ती काडी बाद. पडद्यावर लावायची फिल्म बालाघाटात मिळत नव्हती. झेरॉक्सच्या दुकानातलं पारदर्शक शीट कापून लावलं. ते इतकं जाड की बाबांना आणखी दाबावं लागलं. शेवटी गाण्यांच्या कॅसेटवरचा पातळ पारदर्शक कागद कडांना चिकटपट्टीने बसवला. तो चालला, पण चार दिवसांत भोक. धूळ आवरली होती, हात आवरत नव्हता.

त्यावर उपाय बाबांनीच काढला. पडवीत बसून दोन कागद घेतले, मधे कार्बन ठेवला, आणि शाई संपलेल्या पेनाने आकडे काढू लागले.

आई म्हणाली, "आता हे काय करून राह्यले?"

"खालची प्रत कोरी ठेवून राह्यलो."

"जलमभर उमटत नाही म्हनून कार्बनवाल्याशी भांडले, अन् आता कोरी पाहिजे. वा."

रोज संध्याकाळी तेच. आधी सगळे आकडे खाली उमटायचे. मग अर्धवट. मग नुसती आकड्याची सुरुवात, माशीच्या पायासारखी. एक दिवस बाबांनी खालचा कागद मला दाखवला. स्वच्छ कोरा. शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसा दाखवला, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही.

निवृत्तीच्या दिवशी मी त्यांच्यासोबत ऑफिसात होते. तिथल्या बाबूने यंत्र घेतलं, वरचा कॅसेटचा कागद सोलला, खिडकीकडे तिरपं धरलं आणि बाबांना म्हणाला, "वाह बाबूजी, एकदम नया." शेरा टळला. त्याच टेबलावरून त्याने पेन्शनचे कागद पुढे सरकवले. तीन प्रती, मधे कार्बन.

बाबांनी सगळं भरलं. बाबूने कागद वेगळे केले. दुसरी प्रत पुसट, तिसरी कोरी.

"इस पर तो कुछ आया ही नहीं. दबाके लिखिए ना. इतने साल नौकरी की, कार्बन पे लिखना नहीं आता?"

मी तोंड उघडलं. बाबांनी टेबलाखाली माझं मनगट धरलं. मग ते सोडून त्याच डाव्या हाताने स्वतःचं उजवं मनगट वरून दाबलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला घेतलं. तरी आकडे तुटत होते. बाबू घड्याळ बघत होता. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ते कागद त्याने घेतले.

बाहेर सायकलचं कुलूप काढताना बाबा म्हणाले, "तुहं ते पत्रक हाय का?"

"फाडलं न. तुमीच अडवलं होतं."

"मंग दुसरं लिही. पुस्तक जमा झालं आता."