बांधलेला पाणकर

माझा बाप गावाच्या तलावाचा पाणकर होता. पाळीतल्या तुडुमाचं, म्हणजे पाण्याच्या मोरीचं, बूच केव्हा ओढायचं, कोणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी सोडायचं, हे सगळं त्याच्या हातात. त्याच्या शब्दावर गावाची रोवणी चालायची. आता त्याला आपण जेवलो की नाही हे आठवत नाही, पण तुडुम आठवतं. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, औषधानं फार फरक पडायचा नाही.

दिवाळी झाली होती. कापलेल्या धानाच्या कडपा बांध्यांमध्ये वाळत पडलेल्या. मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात हा गृहस्थ पाळीवर! बूच ओढून मोकळा. चार घरांचं धान पाण्यात गेलं. घरी आला तो खुशीत. "सोडलं वो पानी. कवाचे बोंबलून राहिले होते सारे."

मी घरोघर हात जोडले. लोकांनी एकदा सोसलं. आठवड्यानं त्यानं पुन्हा तेच केलं. मग माणसं अंगणात आली, एकाच्या हातात काठी होती.

"बाई, बुढा हाय, समजते आमाले. पन आमी वर्षभर का खावाचं? बांधून ठेव त्याले. नाई तं आमी बांधू."

अंगाची लाही लाही झाली माझ्या. ज्याच्या पाण्यावर यांचे बाप जगले, त्याच्यावर काठी उगारायला आले! पण खरं सांगते, मला भीतीही वाटली. ते बांधतील म्हणजे कसे बांधतील, हे मला दिसत होतं.

भाऊ गोंदियाजवळ मुर्रीला राहतो. फोन केला तर म्हणे, "माह्या दोन खोल्या, तिथं कुठं ठेवू? लॉक करून टाक ना, टेन्शन कायले घेतेस?" वा रे शहाण्या. सांगणाऱ्याचं काय जातं!

आधी मी त्याला पुढच्या सपरीत ठेवून दाराला नुसती कडी लावली. त्यानं दार इतकं बडवलं की तळहात फुटले. मग आईचं जुनं लुगडं फाडलं, पट्टी वळली आणि त्याचा पाय खाटेच्या खुराला बांधला. दोरी काचेल म्हणून लुगडं घेतलं. मऊ बांधलं म्हणजे बांधलं नाही, असं असतं काय? तो दिवसभर गाठ कोरत बसतो. एकदा मी त्याच्या हातावर फाडकन चापट मारली. त्यानं हात छातीशी धरला आणि माझ्याकडे पाहत राहिला.

मीही कुठं सुटले? बाजार बंद, लग्नकार्य बंद. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. त्यात येणाऱ्या बाया म्हणतात, "पोरगी असावं तं अशी! बापाले किती जपते." बोलता बोलता त्यांची नजर खाटेच्या खुराकडे जाते आणि परत येते. पट्टी कोणालाच दिसत नाही. कप्पाळ माझं, मीसुद्धा हसून चहा देते.

परवा दुपारी मी त्याच्याजवळ बसून लाखोळीची भाजी निवडत होते. बांध्यांमध्ये रचलेले धानाचे पुंजणे अजून मळायचे आहेत, म्हणून पट्टी होतीच. त्यानं दाराकडे पाहिलं, मग मला हातानं आणखी जवळ बोलावलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

"बाई, तुमी कोनाच्या जी? चांगल्या घरच्या दिसता."

मला जन्मात कधी त्यानं 'तुमी' म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, "इथलीच आहे."

"मंग हळू बोला. ह्या घरची बाई लई कडक हाय. मारते मले." त्यानं पुन्हा दाराकडे पाहिलं. "माही एक पोरगी हाय. तिले मालूम नाई मी इथं हाव म्हून. तिले एवढा निरोप देजा, का तुह्या बापाले बांधून ठेवलं. आयकली तं अनवानी धावत येईन ते. एक घडी ठेवनार नाई मले इथं."

भाजीची पानं हातात तशीच राहिली.

"देजा ना जी?"

"देते," मी म्हणाले.

तो निवांत झाला, पाय लांब करून पडला. मला गिरणीवर जायचं होतं. मी गाठ ओढून पाहिली, घट्ट होती. मग बाहेरून कडी लावली.