माझे हात आणि मालकीणबाईंचं पाणी

मुलाने मला चेन्नईला नेलं ते सुनेच्या बाळंतपणासाठी. सुनेला आई नव्हती, आणि मला तोरा होता. आमच्या गावात बाळ न्हाऊ घालावं तर मीच, असं लोक म्हणायचे. माझी शाळा चौथीत सुटली, हिशेब आजही बोटांवर करते. पण पाटावर पाय लांब करून बसले की गल्लीतलं कसलंही रडकं पोर माझ्या नडग्यांवर पालथं पडून गप्प व्हायचं. निघताना मी वेखंड, बाळंतशोपा, डिंक, अळीव बांधून घेतलं आणि डबाभर खोबरेलही घेतलं. चेन्नईला खोबरेल घेऊन जाणारी बाई माझ्याआधी कुणी झाली नसावी.

मुलगा अंबत्तूरच्या एका कारखान्यात होता, गाड्यांचे सुटे भाग बनवायचे तिथे. भाड्याचं घर वरच्या मजल्यावर, खाली घरमालक आणि मालकीणबाई, दोघंही माझ्याच वयाची. ते तंजावरचे मराठी. त्यांचं मराठी माझ्या आजीच्याही आधीचं, आणि चाल मात्र तमिळ. पहिले आठ दिवस मी त्यांच्याकडे नुसती बघून मान हलवायची. मालकीणबाई मला अक्का म्हणायच्या.

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं चेन्नईत पाऊस नीट झाला नव्हता. नळ कोरडे. रस्त्याच्या कडेला रंगीत प्लास्टिकच्या घागरींची रांग लागायची, पाण्याची लॉरी आली की आरडाओरडा सुरू. आमच्या घराला मागे एक विहीर होती आणि तिच्या तळाशी थोडं पाणी होतं. ते मालकांचं. आमच्या वाट्याला लॉरीचं.

आणि नेमक्या ह्याच गावात मला हात धुवायचं वेड लागलं. वाळवंटात जाऊन पोहायला शिकावं, तसली माझी अक्कल.

सुनेला सातवा चालू होता. गॅसच्या सिलिंडरमागे मेलेली पाल दिसली. कागदात धरून टाकली, हात धुतले. इथवर कुणीही करतं. मग भाजी चिरायला बसले आणि मनात आलं, काहीतरी राहिलं असेल. हे हात भाजीला लागणार, भाजी सुनेच्या पोटात जाणार, तिथून बाळाकडे. उठले, पुन्हा धुतले. परत बसले. विळीलाही लागलं असेल. विळी धुतली, मग विळी धुतलेले हात धुतले. त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला आणि सुनेने विचारलं, "आई, भाजी पिकायची होती का अजून?"

पुढे पालीची गरज उरली नाही. दाराची कडी, चपला, लॉरीच्या पाण्याची घागर, वर्तमानपत्र, काहीही चालायचं. हात धुतले की जरा बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय तोवरच शंका यायची की साबण नीट लागला का. मला कळत होतं की हे खुळ्यासारखं आहे. त्याचा काही उपयोग नव्हता. माझ्या चुलतसासूला हेच होतं. ती पायरी धुवायची, मग पायरीवर उडालेलं पाणी धुवायची. मंत्रचळ लागलाय म्हणायचो आम्ही आणि तोंडाला पदर लावून हसायचो. तिची नक्कल मीच सगळ्यात चांगली करायची. आता विनातालीम करत होते.

मालकीणबाईंनी एक दिवस जिन्याखालून मला पाहिलं. मी वाळलेलं लुगडं परत धुऊन पिळत होते, कारण वाऱ्याने ते कठड्याला लागलं होतं. त्या हात जोडून उभ्या राहिल्या.

"अक्का, तुमीं फार मडी!"

मडी म्हणजे तिकडचं सोवळं. आता आमचं घर पिठाच्या गिरणीचं. वडील डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन तसेच जेवायला बसायचे. सोवळं आमच्यात कुणी पाळलंच नाही, आणि देवाशी माझं बोलणं जेमतेम दिवाळीपुरतं. पण मालकीणबाईंच्या आईचं मडी मोठं कडक होतं म्हणे, आणि तसं माणूस त्यांना कितीतरी वर्षांनी दिसलं होतं. मी त्यांची समजूत तशीच राहू दिली. वेडी म्हणवून घेण्यापेक्षा सोवळी म्हणवून घेणं कुणाला आवडणार नाही? शेजारच्या बायका मला बघायला येऊ लागल्या. मी त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहायची, त्यांना त्याचंही कौतुक. कुणी पायाला हात लावायला वाकली की मी अशी मागे उडायची की त्या बिचाऱ्या जागेवरच नमस्कार करायच्या. खरं कारण एवढंच, की मग पाय धुवायला लागले असते.

त्याहून पुढची गोष्ट म्हणजे मालकीणबाई रोज विहिरीचं पाणी वर पाठवू लागल्या. लॉरीचं पाणी मडीला चालत नाही, आणि मडीवाल्याला पाणी दिलं की पुण्य लागतं. मी घेतलं. पुण्य त्यांना, पाणी मला.

मग मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणली, गोरीपान, माझ्या मुलाचंच नाक. मी दारातून पाहिली. वेखंड उगाळायचं राहिलं, शेगडी पेटवायची राहिली. ह्या हातांनी तिला धरलं तर ती मरेल, असं मला वाटत होतं. नुसतं वाटणं नव्हे, दिसायचंच. पाटावर मी, पायावर ती, आणि ती निळी पडतेय.

सून टाके दुखत असताना स्वतः न्हाऊ घालायची. मी न्हाणीच्या दारात उभी राहून हुकूम सोडायची.

"मान धर. कानात पाणी जाऊ देऊ नकोस."

"मग तुम्हीच घाला ना, आई. ह्यासाठीच तर आलात."

"माझे हात चांगले नाहीत."

खोटं नव्हतंच ते. हातांना भेगा पडल्या होत्या, मिरची चिरली की डोळ्यांत पाणी यायचं. पण तिला तो बहाणा वाटला. एकदा ती मुलाला सांगताना मी ऐकलं: "मुलगी झाली म्हणून हात लावत नाहीत त्या. नातू असता तर बघितलं असतं, कसे हात चांगले झाले असते." मुलगा म्हणाला, "आई तशी नाही गं." पण त्याचा आवाज पक्का नव्हता.

जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण काय सांगणार? तुझ्या मुलीला मी मारून टाकीन असं मला वाटतं? नातीचा दुस्वास करणारी सासू सगळ्यांना कळते, गावोगाव असते. हे दुसरं माझं मलाच कळत नव्हतं. म्हणून मी दुष्ट सासू होऊन गप्प बसले. ते काम मला जमतही होतं.

अमावस्येच्या सकाळी मालक जिना चढून वर आले. ते एरवी वर येत नसत. रेल्वेतून निवृत्त झालेले, हळू बोलणारे गृहस्थ. खांद्यावर पंचा, अंग कोरडं.

"अक्का, एक विनंती. आज अमावास्या. वडिलांना तर्पण करायचं. स्नान केल्याविना चालत नाही. विहिरीत आज काही उरलं नाही. एक कुडम पाणी परत देता का?"

कुडम म्हणजे घागर. मी मागे वळून पाहिलं. तिन्ही घागरी पालथ्या. सकाळचं सगळं पाणी मी दाराच्या कडीवर आणि माझ्या कोपरांवर ओतून मोकळी झाले होते. मुलगा तिथेच चहा पीत होता. त्याने घागरी पाहिल्या, मग माझे हात पाहिले, मग मालकांचा कोरडा पंचा.

"तुमची अंघोळ कधी झाली होती, काका?" त्याने विचारलं.

मालक हसले. "दुष्काळात असं विचारू नये, तंबी." तंबी म्हणजे तिकडे धाकटा भाऊ.

मुलगा चहा तसाच ठेवून घागर घेऊन रस्त्यावर पळाला. कुणाकडून तरी पाणी मागून आणलं. मालकांचं तर्पण झालं. तो परत वर आला, मी भिंतीला पाठ लावून बसले होते.

"आई, डॉक्टरकडे जाऊ."

"मलम आहे माझ्याकडे."

"हाताच्या डॉक्टरकडे नाही."

"मी वेडी नाही."

"नाहीस म्हणून तर विचारतोय. वेड्या माणसाला बसमधून कसं नेणार?"

मी कबूल झाले, पण अट घातली की तो बरोबर येणार नाही. त्याच्यासमोर त्याच्याच मुलीबद्दलचं ते बोलायला माझी जीभ वळली नसती. मला तमिळ येत नव्हतं, डॉक्टरला मराठी येणं शक्य नव्हतं. मग मालकीणबाई आल्या, मध्ये बोलायला. त्यांना वाटलं, हातांच्या भेगा दाखवायच्या आहेत. बसमध्ये मी दांडी धरली नाही आणि प्रत्येक वळणाला त्यांच्या अंगावर पडले. मडीवाल्या बाईंचा एवढा सहवास त्यांना आजवर मिळाला नव्हता.

डॉक्टरीण माझ्या सुनेच्या वयाची. मी सगळं सांगितलं, पालीपासून. बराच वेळ बोलले. मालकीणबाईंनी त्याचं तमिळ केलं ते एका ओळीचं, आणि त्यात मडी हा शब्द मला ऐकू आला. डॉक्टरीण हसली, काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

मालकीणबाई जरा खजील झाल्या. "म्हणतात, अक्का एवढं बोलली, तुमीं एवढुसंच कां सांगितलं?"

मग डॉक्टरीण एकेक प्रश्न विचारू लागली. पूजा किती वेळ करता? मी म्हटलं, करत नाही. मालकीणबाई माझ्याकडे पाहतच राहिल्या. उपास? म्हटलं, भूक लागते. हात धुतल्यावर मनाला शांत वाटतं का?

"पुन्हा धुवेपर्यंत."

आणि नाही धुतले तर काय होईल?

"नात मरेल," मी म्हटलं. "माझ्या हातांनी."

डॉक्टरीण वाट पाहत होती. पंखा कर्रकर्र वाजत होता. मग मालकीणबाईंनी माझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द कमी न करता. सांगताना त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

डॉक्टरीण म्हणाली, हा आजार आहे, पुष्कळांना असतो. आईला, आजीला लेकरू जन्मायच्या सुमारास होतो असंही दिसतं. असे विचार येतात म्हणून तुम्ही तसं काही कराल असं नाही. उलट तुम्हाला त्याची भीती वाटते म्हणूनच तर हात धुता. गोळी दिली, लगेच गुण येत नाही, आठवडे लागतात, मनाने बंद करायची नाही. आणि गोळीबरोबर अभ्यास. ज्याची किळस येते त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही. भीती वर चढेल, चढू द्यायची. ती आपोआप उतरते. तुम्ही ती उतरायच्या आत नळाकडे पळता, म्हणून ती उतरते हे तुम्हाला कधी दिसलंच नाही.

ह्या वयात अभ्यास! चौथीनंतर पहिल्यांदाच.

परतीच्या बसमध्ये मालकीणबाईंनी दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी एवढं पाणी आजाराला पाजलं?"

"हो."

"आमचे हे पारोसे राहिले. आजारासाठी!"

"हो."

"पावम," त्या म्हणाल्या. म्हणजे बिचारे. नवऱ्याला म्हणाल्या की मला, ते मी विचारलं नाही.

पण बाई खमकी. जितक्या भक्तीने मला पाणी पाजलं तितक्याच भक्तीने आता राखण करू लागल्या. दुपारी वर यायच्या, मला लॉरीच्या घागरीला हात लावायला लावायच्या, आणि मग न्हाणीच्या दारात स्टूल टाकून बसायच्या. मी घामाघूम. हात असे हवेत धरलेले, जणू मेंदी काढलीय.

"बाजूला व्हा."

"नक्को अक्का. धुवायचं नक्को. बसा."

"तुमचं मडी कुठं गेलं?"

"तुमचं गेलं की माझंही गेलं."

त्यांनीच एक दिवस सुनेला सगळं सांगितलं. मी सांगायला सांगितलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. संध्याकाळी सून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मला काय काय वाटून बसलं होतं, आई. एकदा बोलला असतात तर माझी तेवढी झोप तरी वाचली असती."

गोळीचा गुण यायला डॉक्टरीण म्हणाली होती त्यापेक्षाही जास्त वेळ लागला. मधे एकदा मी ती बंद केली, बरी झाले म्हणून, आणि पुन्हा पालथ्या घागरींवर आले. मुलाने शिव्या घातल्या, पुन्हा सुरू केली. अजूनही घेते. चष्म्यासारखी आहे, लाज वाटायचं काही नाही. असलीच तर त्या घागरींची वाटते.

नात एव्हाना बसायला लागली होती. एका सकाळी सुनेने पाट मांडला, बादली ठेवली, तेलाची वाटी ठेवली आणि मुलीला उघडी करून माझ्यासमोर धरली.

"आजपासून तुम्ही. मला कंटाळा आलाय."

मी पाटावर बसले, पाय लांब केले. भीती आली. ठरल्या वेळेला येणाऱ्या लॉरीसारखी, आवाज करत. हात लावला. मुलगी निळी पडली नाही. पण पालथीही पडेना. गल्लीतली सगळी पोरं गप्प करणारी मी, आणि ही माझ्या नडग्यांवर बसून बादलीतला मग पळवत होती. धरायला जावं तर तेलाने सुटायची. शेवटी साबण तिच्या डोळ्यात गेला आणि तिने असा टाहो फोडला की मालकीणबाई जिना चढून वर आल्या.

"अक्का, तुमाला न्हाऊ घालायला येतं म्हणत होता ना?"

"येत होतं," मी म्हटलं.

एका बादलीत अंघोळ उरकली. सुनेने मुलीला टॉवेलात गुंडाळून नेलं. माझ्या हातांवर तिचं तेल तसंच होतं, साबणही. नळ समोर होता. मी हात लुगड्याला पुसले आणि उठले. दुपारपर्यंत तीनचारदा जाऊन तिचा श्वास पाहिला. ती तोंड उघडं टाकून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी साबण डोळ्यात गेला नाही.