आत्याची कंबर आणि आतोबांची पिकअप

आमच्या आतोबांनी मनावर घेतलं असतं, तर माळशेजचा घाटसुद्धा लाटण्याने लाटून सपाट केला असता. पण घाट सरकारचा आणि पिकअप स्वतःची, म्हणून त्यांनी पिकअप मनावर घेतली. आतोबा म्हणजे माझ्या धाकट्या आत्याचे यजमान, राहायला मुरबाडला. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी ही गाडी जुनीच विकत घेतली. लोकांचं भात, पेंढा, कौलं, लग्नाची भांडी, काय म्हणाल ते तिच्यातून जायचं. माल सुखरूप पोहोचायचा. माणूस मात्र पोहोचेपर्यंत खिळखिळा. एकदा आत्याला माहेरी, म्हणजे आमच्याकडे वैशाखऱ्याला आणताना रिकामी गाडी एका खड्ड्यात अशी आपटली, की आत्याची कंबर धरली ती धरलीच. कुशीवर वळता येईना, की धड झोप लागेना. “आता गौरीला माहेर बंद. त्या गाडीत मी मेले तरी बसनार नाय,” तिने जाहीर केलं. एस.टी.चं तर नाव काढलं तरी कंबर कळवळायची. ती गौर तिच्यावाचूनच गेली आणि आमच्या घराला सणाची कळाच आली नाही.

आतोबा एवढंच म्हणाले, “गाडीनं धरली ना कंबर? मंग गाडीच सोडवील.”

झालं! तेव्हापासून हा गृहस्थ जगातल्या प्रत्येक गाडीच्या मागे लागला. उभी गाडी दिसली की हे मागच्या बाजूला जाऊन बूड टेकणार, दाबणार, चटकन उठणार आणि ती किती झुलते ते डोळे बारीक करून बघणार. एका लग्नात त्यांनी वरातीच्या सजवलेल्या जीपवरच हा प्रयोग केला. आत नवरा-नवरी! नवरीच्या मुंडावळ्या हिंदकळल्या, करवली किंचाळली. आतोबा शांतपणे व्याह्यांना म्हणाले, “एकदाच झुलली. शॉकअप चांगले हायेत. पोरगी सुखात र्‍हाईल.”

आपल्या गाडीची परीक्षा मात्र ते ताकाने घ्यायचे. आत्याच्या जागेवर काठोकाठ भरलेला ताकाचा तांब्या ठेवायचा, गावाबाहेर चक्कर मारायची आणि किती उरलं ते बघायचं. शॉकअप बदलले, झिजलेले रबरी बुश नवे बसवले, टायरातली हवा थोडी उतरवली, गादीखाली काथ्या भरला. ताक थोडं थोडं जास्त उरू लागलं. आतोबा विजयी मुद्रेने तांब्या पुढे करायचे आणि आत्या त्यात बोट बुडवून म्हणायची, “लोनी आलंय वर. अवो, ताकाला काय इचारता? माझ्या कमरेला इचारा.”

मग त्यांच्या ध्यानात आलं, की भाताची पोती असली की हीच गाडी सायीवरून चालल्यासारखी चालते आणि रिकामी असली की शिंगरासारखी उधळते. म्हणून त्यांनी घरातली भाताची पोती मागे टाकली ती उतरवलीच नाहीत. ऐन श्रावणात ताडपत्रीखाली ओल शिरली आणि पोत्यांना मोड आले! सगळी आळी बघायला लोटली. आत्या कंबर धरून हसत म्हणाली, “आता चिखलनी करा नि लावनी पन गाडीतच उरका.” दुसऱ्या कोणी हात टेकले असते. आतोबांनी ती पोती कोंबड्यांपुढे रिकामी केली आणि गाडी थेट मेस्त्रीकडे नेली.

“मागच्या स्प्रिंगच्या कमानीतले पाटे कमी कर,” त्यांनी सांगितलं.

मेस्त्रीने कपाळाला हात लावला. “दादा, पाटे काढले तर गाडी मऊ होईल, पन वजन नाय झेपायचं. धंद्याचं काय?”

“धंदा सनानंतर. आधी माहेर.”

गौरीच्या दिवशी आत्या कशी बसली, तो त्या दोघांमधला मामला. आम्ही वैशाखऱ्याला दारात उभे होतो, आईच्या हातात ओवाळायला भाकरतुकडा. गाडी आली. आवाज ओळखीचा, पण खडखडाट नाही. आत आत्या, मान आतोबांच्या खांद्यावर टाकून गाढ झोपलेली. आतोबांनी आमच्याकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि गाडी न थांबवता तशीच घाटाच्या दिशेने पुढे नेली. आई तुकडा धरून बघतच राहिली. वडील ओरडले, “अरे, माझ्या बहिणीला घेऊन हा चालला कुठं? जुन्नरला?”

बऱ्याच वेळाने गाडी घाटाच्या पायथ्याला वळसा घालून दारात आली. आत्या डोळे चोळत उतरली. “आलं पन माहेर? एवढ्यात?”

“आलं गो. जवळच तर हाय,” आतोबा म्हणाले.

भाताच्या हंगामाला पाटे पुन्हा चढायचे आणि गौरीआधी उतरायचे. ही चढउतर आतोबांनी शेवटपर्यंत चालू ठेवली. मेस्त्री दरवर्षी शिव्या घालायचा आणि दरवर्षी करून द्यायचा.

आता आतोबा नाहीत, पिकअपही भंगारात गेली. गौरीला आत्याला मीच माझ्या गाडीतून आणतो. गाडी मऊ, रस्ताही बरा. पण ती सबंध वाट ताठ बसून बाहेर बघत असते. गेल्या खेपेला मी म्हटलं, “आत्या, झोप की थोडी.”

“नाय रे बाबा,” ती म्हणाली. “तू थेट दारातच थांबवशील.”