चावी ऑफिसात, बोट पाण्याखाली

"नावाड्याचा निष्काळजीपणा, एवढंच लिहा आणि सही करा," साहेब म्हणाले.

सिरोंच्याच्या घाटावर आमच्या आरोग्य खात्याची बोट गोदावरीत बुडाली होती. पावसाळ्यात रस्ता तुटला की नदीकाठच्या गावांतल्या गरोदर बायांना दवाखान्यात आणणारी ही एकच बोट. मी बोट-मेकॅनिक. इंजिन वर काढून रिपोर्ट द्यायला मला बोलावलं होतं.

नावाडी मल्लेशभाऊ बाजूला उभा होता. सगळी हयात या पाण्यात गेलेली, पण नोकरी कंत्राटी. ती जायला माझी एक सही पुरे होती.

"काय झालं भाऊ?"

"मी दोरीनं बांधत होतो, ढील देऊन. मंग ऑफिसच्या लोकायनं साखळी लावली. बोट चोरीले जाते म्हने. पानी चढून राह्यलं म्हनून मी चावी मागाले गेलो, तं रविवार. ऑफिस बंद. बाबूचा फोन बी बंद."

पाणी थोडं उतरलं होतं. मी पाण्यात शिरून पाहिलं. साखळी जेमतेम दोन हात लांब. एक टोक घाटाच्या कडीला, दुसरं बोटीच्या नाकाला. कुलूप शाबूत.

बोट बांधण्याला आम्ही मूरिंग म्हणतो. पाणी चढेल-उतरेल तशी बोटही वरखाली व्हावी, इतकी दोरी सोडून ती बांधायची. पुढून एक, मागून एक. गाठ अशी की गरज पडताच सुटावी. आखूड साखळीने बोटीचं नाक खालीच धरून ठेवलं, चढतं पाणी आत शिरलं आणि बोट गेली.

"सर, साखळी कोणी लावायला सांगितली?"

"ते रिपोर्टमध्ये नको."

"चावी कोणाकडे होती, ते?"

"तुम्ही मेकॅनिक आहात. इंजिनापुरतं बोला."

माझं डोकं फिरलं. "दिवस भरलेल्या बाया याच्या भरवशावर नदीत सोडता, अन् कुलपाची चावी याले देववत नाई तुम्हाले?"

साहेब मोबाईल बघू लागले.

मी साखळीची लांबी लिहिली, कुलपाचा फोटो लावला, चावी कुठे होती ते लिहिलं आणि मग सही केली.

मल्लेशभाऊची नोकरी वाचली. मला मेमो मिळाला, अधिकाराबाहेर मत दिल्याबद्दल. बोट दुरुस्त होईपर्यंत बाया लाकडाच्या छोट्या डोंग्यातून आल्या. पुढे आदेश निघाला, 'बोट योग्य प्रकारे बांधावी.' योग्य म्हणजे कशी, ते आदेशात नव्हतं. मल्लेशभाऊला विचारलं असतं तर त्याने पाच मिनिटांत बांधून दाखवली असती.